झू कीपरचं काम नेमकं कसं असतं? झूलॉजी करून या लाईनीत यावं का?

गिरणाकाठ_चाळीसगाव

नमस्कार मंडळी. मी चाळीसगाव तालुक्यातला, बी.एस्सी. झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी कापूस, थोडा ऊस आणि म्हशी. मला प्राणीसंग्रहालयात कीपर म्हणून काम करायचंय, म्हणजे मनापासून करायचंय, दुसरं काही मिळत नाही म्हणून नाही. आमच्या गिरणा पट्ट्यात २०१७ ला बिबट्याने माणसं मारली तेव्हा मी शाळेत होतो. दिवस मावळला की आई बाहेर पडू द्यायची नाही, रात्रीच्या लाईटीवर पाणी भरायला कोणी शेतात जायला तयार नव्हतं. सगळ्या गावाला तो बिबट्या मेलेला हवा होता आणि ते चूक होतं असं मी म्हणणार नाही, ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना आपण काय सांगणार. पण तेव्हापासून डोक्यात बसलंय की हे जनावर वागतं कसं, पकडलेल्या बिबट्याचं पुढे काय होतं, त्याला रोज सांभाळतं कोण.

अडचण अशी की इथे विचारायला कोणी नाही. जळगाव धुळे नंदुरबार, तिन्हीकडे मोठं प्राणीसंग्रहालय नाही, बघायचं तर संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान, नाहीतर इंदूर, नंदुरबारवाल्यांना सुरत जवळ. यूट्यूबवर सगळे वाघाच्या पिल्लाला बाटलीने दूध पाजताना दिसतात, खरं काम तेच असतं का ते कळत नाही. वडील म्हणतात जनावरंच राखायची तर घरच्या म्हशी काय वाईट, त्याला डिग्री कशाला लागते. रागाने नाही म्हणत, काळजीने म्हणतात.

तर दिवसभर काम काय असतं, धोका किती, नोकरी पर्मनंट की कंत्राटी, डिग्रीचा उपयोग होतो का आणि इथे राहून अनुभव कुठून आणायचा, जमेल तेवढं सांगा. अजून एक, माझा रूममेट इग्वाना घेणार आहे, म्हणतो अर्धे पैसे तू टाक, तुला एक्झॉटिक प्राण्याचा अनुभव मिळेल. घ्यावा का?

अमळनेरचा_कीपर

राम राम भो. मी मूळ अमळनेरचा, बऱ्याच वर्षांपासून एका महापालिकेच्या झूमधे मांसाहारी सेक्शनला आहे. वाघ, बिबटे, तरस, कोल्हे. नोकरीत आहे म्हणून झूचं नाव लिहीत नाही. बाकी तुले बठ्ठं सांगस, सवडीने वाच.

बाटलीने दूध पाजणं कामात जवळजवळ नसतंच. जिथे पाजावं लागतं तिथे आधीच काहीतरी बिघडलेलं असतं, आईने पिल्लू टाकलेलं असतं नाहीतर आई मेलेली असते. आमचं काम म्हणजे झाडू, पाण्याचा पाईप, कुलूप आणि नजर. सकाळी गेल्या गेल्या मोजणी, रात्री जेवढी जनावरं आत घेतली तेवढी आहेत का, तीही दार न उघडता. मग प्रत्येकापाशी थोडा वेळ नुसतं उभं राहायचं. कालचं मांस संपवलं का हाडाला लागून तसंच आहे, शी घट्ट आहे का पातळ, त्यात रक्त आहे का जंत, पाणी किती कमी झालं, बसलेलं जनावर उठताना कोणता पाय जपून टाकतं. जंगली जनावर आजार लपवतं. जंगलात अशक्त दिसलं की संपलं, म्हणून पिंजऱ्यात जन्मलेलं सुद्धा शेवटपर्यंत दाखवत नाही, आणि दाखवतं तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

एक उदाहरण सांगतो. आमच्याकडे एक वयस्क बिबट मादी आहे. मांस पूर्ण संपवायची, अंगाने बरी, रजिस्टरला रोज 'नॉर्मल' लिहिलं जायचं. माझ्या जोडीदाराला मात्र दिसलं की ती तुकडा उचलताना मान डावीकडे वळवते, उजव्या दाढेने चावतच नाही, आणि पाणी पिऊन झालं की पंजाने उजवा गाल पुसत बसते. त्याने डॉक्टरांच्या मागे लागून तिला स्क्वीझ केजमधे, म्हणजे भिंत सरकवून जनावर जागेवर दाबून धरतात त्या पिंजऱ्यात, घ्यायला लावलं. भूल देऊन तोंड उघडलं तर वरचा सुळा मुळाशी सडलेला आणि आत पू. तो जोडीदार दहावी पास आहे, पण आमचे डॉक्टर राऊंडला आले की आधी त्याला विचारतात, काय म्हणतंय सेक्शन.

आता धोका. वाघाचं घर म्हणजे बाहेर मोकळं आवार, आत रात्रीच्या खोल्या आणि मधे लोखंडी सरकतं दार, ते आपण बाहेरून ओढायचं. वाघ आणि माणूस एका जागेत कधीच नाही, कितीही लहानपणापासून सांभाळलेला असो. आधी जनावर आत घ्यायचं, दार सोडायचं, कुलूप लावायचं, लावलेलं कुलूप हाताने ओढून बघायचं, आत किती आहेत ते मोजायचं आणि मग आवारात पाय टाकायचा. किल्ल्या ज्याच्याकडे तोच आत जाणार. मोबाईल बाहेर. कीपरवर हल्ला झाल्याच्या बातम्या येतात त्या नीट वाच, बहुतेक वेळा जनावर अचानक खवळलेलं नसतं, दार राहिलेलं असतं. आमच्या नव्या पोरांना मी हेच सांगतो की घाई वाटली की थांब, वाघाला जेवण दहा मिनिटं उशिरा मिळालं तर काही होत नाही.

जेवण म्हणशील तर मोठ्या वाघाला दिवसाला ८ ते १० किलो मांस, बिबट्याला ३-४ किलो, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. जंगलात रोज शिकार होत नाही म्हणून हा उपास मुद्दाम असतो, पब्लिकला वाटतं आम्ही उपाशी मारतो. मांस आलं की घ्यायच्या आधी वास, रंग, कुठून आलं ते बघायचं. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा प्राणीसंग्रहालयात ३ वाघ आणि १ बिबट्या बर्ड फ्लूने गेले, जानेवारीत लॅबचा रिपोर्ट आला. तेव्हापासून कच्च्या कोंबडीकडे आम्ही सगळेच वेगळ्या नजरेने बघतो.

पगाराचं स्पष्ट सांगतो कारण तुझ्या वडलांचा मुद्दा खरा आहे. पर्मनंट जागा फार कमी निघतात. बहुतेक पोरं ठेकेदारामार्फत लागतात, किमान वेतनाच्या आसपास. मी सुरुवातीला ज्या ठेकेदाराकडे होतो तिथे पगार कधीच वेळेवर झाला नाही, पीएफ कापला जायचा पण भरला जातोय का ते कोणी सांगायचं नाही. जॉईन होताना यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर मागून घे आणि पासबुक स्वतः चेक कर. दिवाळी, उन्हाळी सुट्टी, रविवार, ज्या दिवशी सगळे घरी त्या दिवशी आपण कामावर. झू आठवड्यातून एक दिवस बंद असतं तेव्हाही सुट्टी नसते, त्याच दिवशी जाळ्या दुरुस्त होतात, खंदक साफ होतो.

आणि म्हशींबद्दल. घरी म्हशी राखलेला पोरगा आम्हाला हवाच असतो. म्हशीने रवंथ सोडलं की तुझ्या वडलांना बादली ठेवतानाच कळतं ना? कोवळी ज्वारी खाऊ घालायची नाही हे तुमच्याकडे लहान पोराला माहीत असतं. शहरातून आलेल्या पोराला हे शिकवायला वर्ष जातं आणि सांबर नीलगायींच्या चाऱ्यात हेच रोज बघावं लागतं. डिग्री पुढे कामाला येते, नुसत्या कीपरच्या जागेला बहुतेक जाहिरातीत दहावी बारावीच मागतात. झूलॉजीत एम.एस्सी. केलंस तर बायॉलॉजिस्ट, एज्युकेशन ऑफिसर अशा जागा असतात, कमी असतात पण असतात.

देवपूर_धुळे_बाई

मी शिक्षिका आहे, दरवर्षी सहलीला पोरांना घेऊन प्राणीसंग्रहालयात जाते म्हणून लिहिते. वरचं सगळं वाचून कीपर लोकांबद्दल आदर वाढला पण एक गोष्ट मनातून जात नाही. मागच्या सहलीत बिबट्याच्या पिंजऱ्यासमोर मोठी माणसं, लहान पोरं नाही, चांगली बायकापोरं असलेली माणसं, जाळीवर बाटल्या आपटत होती, ए उठ ए उठ करून. बिबट्या भिंतीला लागून एकाच रेषेत फेऱ्या मारत होता, तिकडून इकडे, इकडून तिकडे, आम्ही होतो तेवढा वेळ थांबला नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली बाई याला बाहेर जायचंय. मला उत्तर देता आलं नाही. दादा, तुम्ही रोज तिथे असता, तुम्हाला हे बरोबर वाटतं का? टीका म्हणून नाही विचारत.

अमळनेरचा_कीपर

बाई, टीका असली तरी चालेल, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

त्या फेऱ्या चांगलं लक्षण नाही. जागा अपुरी, करायला काही नाही, लपायला आडोसा नाही, अशा वेळी जनावर तसं करतं. कधी जेवणाची वेळ झाली म्हणूनही करतं पण बहुतेकदा कंटाळा आणि ताण. त्यावर एन्रिचमेंट म्हणून काम असतं, ते मला सगळ्यात आवडतं. मांस रोज एकाच जागी न टाकता ओंडक्यात लपवायचं, उंच मचाणावर ठेवायचं म्हणजे चढावं लागतं, हरणाच्या पिंजऱ्यातलं वाळलेलं गवत आणून टाकायचं, त्या वासावर बिबट्या तासभर लोळतो, हुंगतो. अस्वलाला उन्हाळ्यात बर्फाच्या लादीत फळं गोठवून देतो. याला मोठा फंड लागत नाही, सेक्शनवर इच्छा असलेला माणूस लागतो.

आमच्याकडच्या बऱ्याच बिबट्यांना सोडता येत नाही. कोणी विहिरीत पडून कंबर मोडलेला, कोणी फासकीत पंजा गेलेला, कोणाला लोकांनी पिल्लू असताना उसातून उचलून घरी नेलेलं. ऊसतोडीत पिल्लं सापडली की हात लावू नका, वनविभागाला फोन करा. पिल्लं त्याच जागी ठेवली तर रात्री मादी येऊन घेऊन जाते, जुन्नर नाशिक भागात असं कितीतरी वेळा झालंय. कोणी घरी नेलं, पोरांनी खेळवलं, फोटो काढले की ते पिल्लू जन्मभर आमच्याकडे. त्याला मी बाहेरचं जग देऊ शकत नाही पण आतलं बरं करू शकतो, मी कामावर जातो ते त्यासाठी.

सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही. पांढऱ्या वाघाला गर्दी होते म्हणून त्यांची पैदास करणं मला बरोबर वाटत नाही. ती वेगळी जात नाहीच, १९५१ ला रीवाच्या महाराजांनी पकडलेल्या मोहन नावाच्या एका वाघापासून आजचे जवळजवळ सगळे आलेत, नात्यातल्या नात्यात जोड्या लावून. तिरळे डोळे, वाकडा कणा, पिल्लं दगावणं, हे सगळं त्यातून येतं. जे आहेत त्यांना नीट सांभाळावं, नवे करू नये, असं माझं मत.

आणि सहलीला येताना मुलांना एक गोष्ट आधीच सांगा बाई. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८-जे प्रमाणे झूमधल्या प्राण्याला चिडवणं, खायला टाकणं, आवाज करून त्रास देणं, कचरा टाकणं हा गुन्हा आहे. हरणांसमोर तर ओरडूच नये. चितळ घाबरून जाळीवर धडका मारतं, पळून पळून त्याचे स्नायू आतून निकामी होतात आणि एकदोन दिवसांनी ते मरतं, बाहेर जखम दिसत नाही. बाटली आपटणारा माणूस तोवर घरी गेलेला असतो.

शहादा_पशुवैद्य

मी पशुवैद्यक आहे, सध्या शहाद्याकडे प्रॅक्टिस, शिकताना वन्यप्राण्यांवर काम केलंय. इग्वानाबद्दल लिहिते कारण ते कोणी लिहिलं नाही आणि मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं.

गिरणाकाठ, तू घेऊ नकोस आणि रूममेटलाही थांबव. दुकानात इग्वाना वीतभर हिरवागार दिसतो, पूर्ण वाढला की शेपटीसकट पाच फुटांच्या आसपास जातो. तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या ओलसर जंगलातला, आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश आणि हवा कोरडी ठक्क. त्याला गरमी लागते पण दमट गरमी लागते, आणि अंगावर उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण पडावे लागतात, खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही कारण काच ते किरण अडवते. घरात एक बल्ब लावून लोक समाधान मानतात, पाला खाणाऱ्या प्राण्याला अंडी नाहीतर चिकन घालतात. मग शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. माझ्याकडे एका मुलाने आणला होता, रडत आणला होता बिचारा, प्रेम नव्हतं असं नाही. मी बोटाने खालचा जबडा दाबला तर तो रबरासारखा वाकला, मागचे पाय सुजून वाकडे, अंग उचलून चालता येत नव्हतं. हाडं अशी गेली की पूर्ववत होत नाहीत, कॅल्शियम देऊन पुढचं नुकसान थांबवता येतं तेवढंच.

एक्झॉटिक प्राणी सांभाळणं म्हणजे त्याचा मुलूख त्याच्यासाठी रोज उभा करणं, लाईट गेली तरी. मुंबईला राणीच्या बागेत २०१६ ला सेऊलहून हम्बोल्ट पेंग्विन आणले, त्यांच्या कक्षात तापमान १६ ते १८ अंश ठेवतात. लोकांना वाटतं पेंग्विन म्हणजे बर्फ पाहिजे, पण हम्बोल्ट पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यांना बर्फ नको, गार समुद्राची हवा हवी. हे माहीत असणारी माणसं, चोवीस तास चालणारी यंत्रणा, पाण्याचं फिल्टर, डॉक्टर, एवढं सगळं मागे लागतं. हॉस्टेलच्या खोलीत ते होणार नाही, आणि लोडशेडिंगचं तर आपल्याला माहीतच आहे.

कायद्याचंही बघ. वन्यजीव कायदा १९७२ चा, त्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून लागू. त्यात साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) यादीतले परदेशी प्राणी वेगळ्या परिशिष्टात घेतले, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची. पिल्लं झाली, मेला, दुसऱ्याला दिला, सगळं कळवायचं. इग्वाना त्या यादीत येतो. विकणारा म्हणतो कागद लागत नाही, इम्पोर्टेड आहे, तर तिथून निघून यायचं. आणि आपल्याकडचा हिरवा पोपट, स्टार कासव हे भारतीय वन्यप्राणी, ते घरात ठेवायला परवानगीच नाही, कितीही घरात पिंजरे टांगलेले दिसले तरी.

अजून एक. लाल कानपट्टीची परदेशी कासवं लोक रुपयाच्या नाण्याएवढी असताना घेतात, ताटाएवढी झाली की तलावात सोडतात. जळगावच्या मेहरूण तलावात, तापीत, कुठेही सोडू नका. ती दांडगी असतात, आपल्या देशी कासवांचं खाणं आणि बसायच्या जागा बळकावतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, या कासवांकडून साल्मोनेला नावाचा जंतू येतो, लहान मुलं असतील त्या घरात तर जास्त जपा.

रोगांचं कीपरनेही मनावर घ्यायचं असतं, आणि ते दोन्ही बाजूंनी जातात. २०२१ च्या मे महिन्यात हैदराबादच्या नेहरू प्राणीसंग्रहालयात ८ सिंहांना कोरोना झाला. पिंजऱ्यात जाताना पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात बूट बुडवतात, नवीन आलेला प्राणी महिनाभर क्वारंटाइनला ठेवतात, कीपरची टीबी तपासणी करतात, हे सगळं त्यासाठी. खोकला असेल तर माकडांच्या सेक्शनला जायचं नाही, रजा घ्यायची.

केळीवाला_रावेर

मी शेतकरी माणूस, रावेरकडचा, सगळं वाचून काढलं. एक विचारायचं होतं. आमच्याकडे एक्सपोर्टला लहान पडलेली, डाग आलेली केळी घडचे घड बांधावर फेकले जातात, भाव पडला की तोडायची मजुरी सुटत नाही. असा माल झूला फुकट द्यायचा म्हटला तर घेतात का? माकडं, अस्वलं, हत्ती, सगळे केळी खातात ना भो. गाडीभाडं आम्ही पाच सहा जण मिळून करू.

अमळनेरचा_कीपर

भाऊ मनापासून विचारलंत, बरं वाटलं. पण माकडांना केळी आता कमीच देतात. आपली लावलेली केळी जंगली फळापेक्षा फार गोड, साखर जास्त आणि तंतू, प्रथिनं कमी. इंग्लंडमधल्या पेंटन झूने २०१४ च्या सुमारास माकडांची केळी बंद केली होती, साखरेने दात आणि वजन बिघडतात म्हणून, त्याऐवजी भाजीपाला वाढवला. आमच्याकडे केळं हे औषध लपवायला, नाहीतर जनावर आत येत नसेल तर बोलवायला. अस्वलाला गोळी द्यायची तर केळ्याशिवाय पान हलत नाही. पण घडच्या घड नको.

खोड आणि पानं मात्र चांगली, हत्तीला खोड आवडतं, पाणी भरपूर असतं त्यात. फक्त करपा रोगावरची फवारणी झालेल्या बागेतली पानं नको, आणि फवारणी कधी झाली ते खरं खरं सांगायचं. कोणतंही झू असं थेट गेटवर घेत नाही, आधी अधीक्षकांना पत्र द्या, डॉक्टर बघतील, मग ठरेल. आणि तुमच्या जवळच्या गोशाळेला सुद्धा विचारा, रावेरहून गाडी लांब न्यायची तर खोड वाटेतच सुकतं.

गिरणाकाठ_चाळीसगाव

सगळ्यांचे खूप आभार. इग्वाना कॅन्सल, रूममेटला मॅडमचं उत्तर वाचायला दिलं, तो दोनदा वाचून गप्प बसला आणि विकणाऱ्याला कागद मागितले तर त्याने फोनच उचलला नाही नंतर. आता एकच राहिलं, अनुभव. मला सुट्टीत काहीतरी सुरू करायचंय. आणि भीतीचं पण विचारतो, तुम्हाला भीती वाटते का दादा, इतकी वर्षं झाली तरी?

यावल_सर्पमित्र

अनुभवाचं मी सांगतो. पहिलं, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना सांग की मला फुकट काम करायचंय. गाई म्हशी शेळ्या कुत्री, इंजेक्शनला धरणं, ताप बघणं, जखम धुणं, औषधाचं वजनावर गणित. कोणी हाकलत नाही, मदतीला माणूस हवाच असतो. दुसरं, तुझ्या घरापासून गौताळा अभयारण्य जवळ, पाटणादेवीकडे वनविभागाचं ऑफिस आहे, आरएफओ (वनक्षेत्रपाल) साहेबांना अर्ज दे. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणावर बसून प्राणी नोंदवतात, आमच्याकडे यावल अभयारण्यात पण असतं, त्याला नाव नोंदव. रात्रभर न बोलता न हलता बसायचं आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही. कीपरला हीच सवय लागते.

तिसरं म्हणजे साप पकडायला शिकायला जाऊ नको, निदान एवढ्यात तरी नको. मी स्वतः करतो म्हणून सांगतो. वनविभागाच्या परवानगीशिवाय साप पकडणं कायद्यात बसत नाही, आणि हल्लीची पोरं नाग हातात धरून रील करतात, गळ्यात घालतात. मण्यार चावली तर बऱ्याचदा दुखत सुद्धा नाही, माणूस झोपेतच जातो. प्राण्यांचं काम करायचंय तर हात लावायची हौस आधी कमी करावी लागते.

शहादा_पशुवैद्य

सर्पमित्र भाऊंशी पूर्ण सहमत. त्यात भर म्हणजे एक वही कर. घरच्या म्हशींचीच रोज नोंद ठेव, चारा किती, पाणी किती, शेण कसं, रवंथ, माज कधी आला, लंगडते का. सलग ठेव, दिवस गाळू नको. मुलाखतीत कोणी विचारलं अनुभव काय तर वही पुढे कर. मी जर निवड समितीत असते तर फोटोंच्या अल्बमपेक्षा ती वही बघितली असती. आणि मुलींनाही सांगते, या कामात बायका आहेत, अजून वाढायला हव्यात, कोणी सांगेल हे पुरुषांचं काम तर ऐकू नका.

अमळनेरचा_कीपर

भीतीचं विचारलंस. वाटते. वाघासमोर उभं राहताना नाही वाटत, मधे दार असतं. संध्याकाळी घरी जाताना वाटते, की कुलूप ओढून बघितलं का. म्हणून आमच्याकडे दोघांनी बघायचं आणि दोघांनी रजिस्टरला सही करायची असा नियम आहे, आणि मला तो नियम फार आवडतो. ज्या झूमधे असा नियम नसेल तिथे गेलास तर तू सुरू कर, नवा आहेस म्हणून गप्प बसू नको.

कामाला लागायच्या आधीचं सांगतो. जाहिराती महापालिकांच्या वेबसाइटवर येतात, पुणे, मुंबई, संभाजीनगर बघत राहा, पद कधी 'प्राणी रक्षक' कधी 'अ‍ॅनिमल कीपर' असं लिहितात, त्यामुळे नावाने शोधून सापडलं नाही तरी उद्यान विभागाची भरती उघडून बघ. केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरण, जे १९९२ ला स्थापन झालं, त्यांच्या मान्यतेचं झू आहे का ते त्यांच्या साइटवर तपास. मान्यता नसेल तिथे जाऊ नको, पगार कितीही सांगितला तरी. कीपर लोकांची ट्रेनिंगही ते घेतात, नोकरीत लागलास की साहेबांना विचारून नाव दे.

आणि रेबीजची आधी घ्यायची लस असते, चावल्यावरची नाही, आधीची. तिचा कोर्स पूर्ण कर, धनुर्वाताचं इंजेक्शन घे. तू दवाखान्यात कुत्र्यांना हात लावणार तर ते सुरू करायच्या आधीच घे. तरी पुढे कधी चावलं तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांकडे जायचंच, आधी घेतली म्हणून घरी बसायचं नाही. लसीच्या तारखांचं कार्ड जपून ठेव, जॉईन होताना झेरॉक्स मागतात.